गुरूची ओढ आणि पाटणखारचा बांध

रेवसच्या लाँचमध्ये किंवा लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं, "आपण काय करता?", तर मी सांगतो, "समुद्र अडवतो." समोरचा माणूस एकदा माझ्या दंडांकडे बघतो, एकदा माझ्या चष्म्याकडे, आणि मीठ वाढणाऱ्याला हाक मारतो.

पण यात खोटं काही नाही. कुलाबा जिल्ह्यात खाडीच्या काठाकाठानं मातीचे लांबच लांब बांध आहेत. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी शेतांपेक्षा उंच असतं. हे नवख्या माणसाला दोनदा सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा त्याला वाटतं, आपण चुकीचं ऐकलं. शेत खाली, समुद्र वर, आणि मध्ये माणसांनी हातानं रचलेला चिखल. पावसाचं पाणी शेतातून बाहेर सोडायला बांधात लाकडी दारं असतात. त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला दार उघडतं, भरतीला पाण्याच्याच रेट्यानं मिटतं. बांध फुटला की 'खांड पडली' म्हणायचं. खांडीतून एकदा खारं पाणी आत शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं भाताचं नाव काढू देत नाही. या बांधांची देखरेख करणाऱ्या खात्यात मी कारकून आहे. हुद्दा टेबलाचा, काम चिखलाचं.

हे काम मी निवडलं नाही. माझं शिक्षण शाळेत कमी आणि पत्रकांवर जास्त झालं. वडील अलिबागला एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि बिघडलेले कागद घरी आणायचे. स्वराज्य आलं तेव्हा मी नुकता अक्षरं लावायला लागलो होतो. घरात पुस्तक एकही नव्हतं, पत्रकं मात्र गाद्यांखालीसुद्धा होती. जमीन कोणाची, मीठ कोणाचं, देव कोणाचा, प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे एका पानाचं उत्तर तयार असायचं आणि त्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असायचं. असा मुलगा नोकरीला लागला की खातं त्याला कचेरीत ठेवत नाही. त्याला बांधावर पाठवतात. तिथं उद्गारचिन्ह लावून बोलायला फक्त बगळे असतात.

बगळ्यांनंतर आली गिऱ्हाइकं. समुद्राचं खातं म्हणजे आम्हीच, असा किनाऱ्यावर पुष्कळांचा समज आहे. थळच्या एका वरबापानं मला गाठून विचारलं होतं की, वऱ्हाड होडीनं जायचं आहे, मुहूर्त गाठायचा आहे, तर त्या दिवशीची ओहोटी जराशी पुढं ढकलता येईल का. मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "वरच्या साहेबांना विचारून बघा ना."

नागावला एक बागाईतदार भेटले. त्यांना मी हौसेनं सांगितलं की, या जगात प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते. पृथ्वी नारळाला ओढते, म्हणून नारळ पडतो. नारळही पृथ्वीला ओढतो, तेवढ्याच जोरानं.

"मग पृथ्वी वर का येत नाही?"

"येते. पण ती इतकी जड की कोणाला कळत नाही."

त्यांनी एकदा माडाकडे बघितलं. मग म्हणाले, "ते असू दे. पण सगळे नारळ मला सोडून शेजाऱ्याला का ओढतात, ते सांगा." त्यांचा एक माड कुंपणावर कलला होता.

खात्याच्या कामात नसलेलं हे व्याख्यानाचं काम मी स्वतःच अंगावर घेतलं होतं. माझा हिशेब सरळ होता. ज्या पाण्याच्या भीतीनं माणूस जन्मभर बांध घालतो, ते पाणी का चढतं हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. भरती केव्हा येणार हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे शाळेत न गेलेली बाईही तोंडी सांगते. पण का येते, हे विचारलं तर लोक आभाळाकडे हात करतात. आभाळ मोठं आहे. त्यातला नेमका कोण, हे सांगायला मी निघालो होतो.

हे मी बांधावर माणसं उभी करून दाखवायचो. तीन माणसांनी हात धरून रांगेत उभं राहायचं. चौथ्यानं पहिल्याला ओढायचं. तो चंद्र. ओढ जवळच्याला जास्त लागते, मधल्याला कमी, शेवटच्याला त्याहून कमी. मग काय होतं? पहिला पुढं जातो, शेवटचा मागं रेंगाळतो आणि रांग दोन्हीकडून ताणली जाते. मधला म्हणजे पृथ्वी, पहिला म्हणजे चंद्राकडचं पाणी, शेवटचा म्हणजे पलीकडचं पाणी. म्हणून पाणी दोन्ही अंगांना फुगतं आणि दिवसातून दोनदा भरती येते. पृथ्वीसाठी मी नेहमी नानाशेटना बोलवायचो. पाटणखार गावातलं एकुलतं एक वाण्याचं दुकान त्यांचं. पोट गोल, स्वभाव गोड. ते हौसेनं पृथ्वी व्हायचे.

सूर्यही ओढतो. तो पुष्कळ मोठा, पण फार लांब. त्याच्या ओढीत जवळचं आणि लांबचं यांत फरक कमी पडतो, म्हणून भरतीच्या कामात तो चंद्राच्या निम्म्यालाही पुरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला मात्र दोघं एका रेषेत येतात आणि पाणी चढतं. त्याला आम्ही उधाण म्हणतो. अष्टमीला ते आडवे-उभे ओढतात, पाणी बेतानं चढतं, तो भांग. आमच्या खात्याचं सगळं पंचांग या दोन शब्दांत मावतं. भांगात जेवायचं, उधाणात जागायचं.

नानाशेटचं पंचांग जाडजूड होतं आणि अष्टग्रहीच्या साली त्यांना त्यात प्रलय सापडला.

ज्यांचं वय आज दहाहून जास्त आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. पौषातल्या अमावास्येला आठ ग्रह मकर राशीत एकत्र यायचे होते. देशभर होम पेटले होते. आमच्या किनाऱ्यावर प्रलय म्हटलं की तो समुद्राकडूनच येणार, यात कोणाला शंका नव्हती. आठही जण मिळून पाणी ओढणार, खाडी डोंगराला लागणार. पाटणखारनं ठरवलं की अमावास्येच्या दिवशी सगळ्या गावानं डोंगरावरच्या देवळाशी जायचं, होम करायचा, आणि जे व्हायचं ते वरून बघायचं.

मीही भ्यालो, पण ग्रहांना नाही. अमावास्या म्हणजे उधाण. उधाणाला बांधावर माणूस हवा. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं केलेली असतात, उंदरांनी केलेली असतात. भरती चढताना कुठं झिरपलं तर तिथल्या तिथं चिखल मारावा लागतो. गाव डोंगरावर आणि बांध मोकळा, म्हणजे खांड ठरलेलीच. आणि पाटणखारला भातशेतीबरोबर आणखी एक वस्तू बांधाच्या आत होती, ती म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. सगळं गाव त्यावर प्यायचं. खांड पडली तर प्रलय झाला नाही तरी दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी उरणार नव्हतं. आणि मग लोक म्हणणार होते, बघा, अष्टग्रहीनं बुडवलंच.

मी जे करायला शिकलो होतो तेच केलं. पत्रक काढलं. वडिलांनी छापखान्यात मालकाच्या परवानगीनं रंगीत कागदावर छापून दिलं. मथळा मोठ्या खिळ्यांत: 'अष्टग्रही आणि गुरुत्वाकर्षण!' खाली लिहिलं होतं की, समुद्राला भरती येते ती गुरुत्वाकर्षणामुळं. चंद्राच्या ओढीनं पाणी पुरुषभर चढलं, तर सूर्य सोडून बाकीच्या ग्रहांच्या ओढीनं केसाच्या जाडीइतकंही चढत नाही. तेव्हा निर्भय व्हा, घरी राहा, बांध सांभाळा! मला ते पत्रक फार आवडलं होतं. मी ते दारोदार वाटलं आणि रात्री शांत झोपलो.

सकाळी गावात गेलो तर निम्म्या घरांतल्या चुली अंगणात काढून बांधून ठेवलेल्या. कालपर्यंत जी चारदोन घरं डोंगरावर जायला राजी नव्हती, तीही भांडी बांधत होती.

नानाशेट दुकानाच्या पायरीवर माझं पत्रक हातात घेऊन उभे होते आणि मोठ्यानं वाचत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या, कारकून! अहो, तुम्ही आमच्या बाजूचे आहात हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या बाजूचा? कुठं लिहिलंय तसं?"

"हे काय. 'समुद्राला भरती येते ती गुरुत्वाकर्षणामुळं.' गुरू-त्व-आकर्षण. म्हणजे गुरूचं आकर्षण. आणि गुरू आहे मकरेत, बाकी सात जणांबरोबर! आमचं पंचांग तेच सांगतंय. पण तुम्ही सरकारचे माणूस, तुम्ही छापून दिलंत म्हणजे प्रश्नच मिटला."

मी हसलो. मग माझ्या लक्षात आलं, हसणारा मी एकटाच होतो.

"शेट, हा गुरू तो नव्हे. गुरू म्हणजे जड. संस्कृतात गुरू म्हणजे जड."

गर्दीत एक म्हातारी उभी होती, गोमाबाय. विधवा बाई, पोरं मुंबईला गोदीत, शेत एकटी करायची. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"जड हाय?"

"हो, बाय. जड."

"म्हंजे ह्यो गुरू आपल्याला जड जानार."

"तसं नाही..."

"तूच बोललास ना आता? समद्यांनी आयकला." आणि पाटी उचलून ती चुलीकडं गेली.

त्या दिवशी मी गावभर फिरलो. ज्याला त्याला सांगितलं की, गुरू ग्रह फार लांब आहे, चंद्राहून हजारो पटींनी लांब. अंतर वाढलं की ओढ झपाट्यानं घटते. लोक ऐकत होते, मान हलवत होते आणि विचारत होते, "पन नाव तर त्याचंच हाय ना?" ज्या विद्वानांनी बंद खोलीत बसून हा शब्द घडवला, त्यांना एक दिवस पाटणखारच्या दुकानाच्या पायरीवर उभं करायला हवं होतं. 'ओढ' हा शब्द त्यांच्या दाराबाहेर फुकट उभा होता. लेकराची आईला, गुराची गोठ्याला, पाण्याची चंद्राला. त्याला बाहेर ठेवून त्यांनी असा पाहुणा घरात घेतला की ज्याचं आडनाव एका ग्रहाशी जुळतं. विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं म्हणणारे त्यावर आधी सोवळं चढवतात, हा माझा जुना राग आहे आणि या दिवाळी अंकाच्या निमित्तानंही मी तो सोडणार नाही.

अमावास्या उजाडली. गाव भल्या सकाळीच डोंगरावर गेलं. माणसं, बोकड, कोंबड्या, एक शिवणयंत्र. बांधावर उरलो आम्ही दोघं. मी आणि हिराजी पाटील. हिराजी म्हणजे बांधाचा पुढारी. कोणाच्या बांधावर माती कधी टाकायची हे तो ठरवायचा आणि त्याचं सगळे ऐकायचे. तो मागं का राहिला, हे मी विचारलं.

"गुडगं डोंगर चढत न्हाय. प्रलयानं हितंच यावं."

"पण पाटील, तुम्हाला प्रलय होईल असं वाटतं?"

"मला काय वाटून काय? पानी येल तेवडं खरं."

दुपारची भरती चढली. हिवाळ्यात दुपारचं उधाण धाकटं असतं आणि मध्यरात्रीचं थोरलं. पावसाळ्यात उलट. तेव्हा दुपारची भरती म्हणजे आमच्यासाठी रंगीत तालीम. आम्ही बांधाच्या आतल्या पायथ्यानं चालत होतो. बांध थोडाफार झिरपतोच, त्याला भ्यायचं नसतं. झिरपणारं पाणी नितळ असेल तर बांध नुसता घाम गाळतोय. गढूळ असेल तर तो आतून विरघळतोय. या धंद्यातलं सगळ्यांत मोठं ज्ञान एवढंच आहे.

उघाडीच्या उजव्या अंगाला हिराजी थांबला. वाकला. ओंजळीत पाणी घेऊन माझ्यापुढं धरलं. चहासारखं होतं.

"केवढं बीळ असेल?"

"आत हात जाल येवडं तरी असंल. आताचं पानी उतरंल. रातचं न्हाय सोसायचा."

उपाय ठाऊक होता. ओहोटी लागली की खाडीच्या अंगानं बीळ उकरायचं, खाडीकाठच्या तिवराच्या फांद्या आणि पेंढा ठोकून भरायचा आणि वर चिखलाचा जाड थर चढवायचा. चिखल खाडीतून कापून हातोहात आणावा लागतो. त्यासाठी रांगेला माणसं हवीत, दोन नव्हे, गाव हवं. आणि दिवस मावळायच्या आत. त्यानंतर पाणी परत चढायला लागतं.

"मी वर जातो," मी म्हणालो.

"जाऊन काय सांगशील?"

"खरं तेच."

हिराजीनं बांधावर बूड टेकलं. "कारकूनभाऊ, आयक माजं. वर जा नि सांग, गुरूची शांत बांधाव करायची हाय. घरटी पाटीपाटी चिखल उघाडीच्या उजव्या अंगाला वाहायचा, म्हंजे गुरू थंड व्हतो. गाव धावत येल बग."

"पाटील, हे खोटं आहे."

"खोटंच हाय. पन बांध खरा हाय ना?"

मी वळलो. डोंगर चढायला लागलो.

त्या चढणीवर मला आयुष्यात प्रथमच पत्रक सुचेना. हिराजीचं खोटं माझ्या डोक्यात फार सुबक बसत होतं. गुरू थंड होतो. घरटी पाटीपाटी. चार वाक्यांत काम. तळं वाचेल, शेतं वाचतील आणि कोणाचं काय बिघडेल? अर्ध्यावर थांबून खाली बघितलं. खाडी भरून चकाकत होती, बांध तिच्या काठाशी दोऱ्यासारखा दिसत होता आणि त्याच्यापाशी टेकलेला हिराजी ठिपक्याएवढा. एवढ्या उंचीवरून खोटं आणि खरं यांत फारसा फरक दिसत नाही, हे मला तिथं कळलं.

पण मग पुढच्या अमावास्येचा विचार आला. तेव्हा आठ ग्रह नसतील. पंचांगात नुसतीच अमावास्या असेल, उधाण मात्र तितकंच, कदाचित थोरलंही. आज गुरूसाठी चिखल वाहिला, तर तेव्हा कोणासाठी वाहणार? प्रत्येक उधाणाला मी एक नवा ग्रह कुठून आणू? देवळाशी पोचेपर्यंत काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. काय बोलायचं नाही, एवढं ठरलं होतं.

होम रंगात आला होता. धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. नानाशेटनी मला बघून जागा केली. "या, या! आलात ना शेवटी?"

"शेट, मी बसायला आलो नाही." मी देवळाच्या पायरीवर चढलो. "ऐका सगळे. आज रात्री पाणी चढणार आहे."

नानाशेटनी हात जोडले. "बघा! कबूल केलं!"

"चढणार, कारण अमावास्या आहे. मागच्या अमावास्येला चढलं, पुढच्या अमावास्येलाही चढेल. तेवढंच चढेल. चंद्र ओढतो, सूर्य हात लावतो. गुरूचा यात काही संबंध नाही, हे मी काल सांगितलं, तुम्ही मानलं नाहीत. आज मानू नका. पण बांध गळतोय. आणि पाणी गढूळ येतंय."

ग्रहांविषयीचं बोलणं धुरात गेलं. 'गढूळ' हा शब्द मात्र गेला नाही. दोन-तीन माणसं बसल्या जागी वळली. मागून गोमाबायचा आवाज आला.

"कंच्या अंगाला?"

"उघाडीच्या उजव्या."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. का, ते सांगतो. पाटणखारचा बांध घराघरांत वाटलेला आहे. प्रत्येक घराचा आपला तुकडा, त्याची माती त्या घरानं टाकायची. आणि खांड पडली की ती ज्याच्या तुकड्यातून पडली, त्याचं नाव तिला चिकटतं. धर्मा नावाच्या माणसाच्या तुकड्यात फार पूर्वी खांड पडली होती. खांड बुजली, धर्मा मेला, त्याचं घरही आता नाही. पण गावात वाट सांगताना आजही म्हणतात, "धर्माच्या खांडीपासनं वळा." उघाडीच्या उजव्या अंगाचा तुकडा गोमाबायचा होता.

ती उठली. पदर खोचला.

"अगं, बस," तिची जाऊ म्हणाली. "रातीला जग बुडायचा हाय नि तू चिखल काय भरतंस?"

"बुडू दे."

"मंग?"

"जग बुडायचा तर बुडू दे. पन माज्या तुकड्यातनं न्हाय बुडायचा."

"बुडाल्याव बोलायला कोन ऱ्हातंय गो?"

"तू ऱ्हाशील. तुजं त्वांड बुडायचा न्हाय."

डोंगरावर पहिल्यांदाच कोणीतरी हसलं. गोमाबाय पायवाटेला लागलीसुद्धा. जाऊ दोन क्षण बसली, मग "थांब गो, पाटी तरी घे," म्हणत तिच्या मागं निघाली. उघाडीच्या डाव्या अंगाचा तुकडा ज्यांचा, ते दोघे भाऊ एकमेकांकडं बघून उठले. उजवं अंग गेलं तर डावं किती टिकणार? त्यांच्या पलीकडचे उठले. असं एकेक करून बांध जसा वाटला होता तसंच गाव उठलं. प्रलयावरचा विश्वास कोणाचाच रतीभर कमी झाला नव्हता. वाटेत दोघं जण आज रात्री नक्की किती वाजता सगळं संपणार यावर वाद घालत खाली उतरत होते आणि त्यांच्या खांद्यावर कुदळी होत्या.

त्या दुपारचं काम मी खात्याच्या नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. ओहोटीनं खाडी उघडी पडली होती. गुडघाभर चिखलात उभे राहून गडी मोठमोठे तुकडे कापत होते आणि ते रांगेतून हातोहात बांधावर चढत होते. गोमाबाय स्वतः बिळाच्या तोंडाशी बसली होती. पेंढा किती, फांदी कोणती, यात हिराजीचंही ती ऐकत नव्हती. माझा चष्मा चिखलानं बंद झाला तेव्हा कोणीतरी तो काढून माझ्या टोपीत अडकवला. पुढं मी चाचपडत तुकडे झेलत राहिलो.

"कारकून, आकाशातला दिसतंय नि हातातला दिसंना?" गोमाबाय ओरडली. रांग खदखदली.

दिवस कलताना नानाशेट खाली आले. डोक्यावर शिऱ्याचं पातेलं होतं. वर होमापाशी ते, भटजी आणि शिवणयंत्र एवढेच उरले होते आणि प्रसाद खायला माणूस नव्हतं. त्यांनी पातेलं बांधावर ठेवलं, सदरा काढला, घडी घातली आणि कोणी काही म्हणायच्या आत रांगेत उभे राहिले. पोटाच्या आधारानं ते एकावेळी दोन तुकडे पेलत होते.

रात्री पाणी आलं. दर अमावास्येला येतं तिथवर आलं, तासभर तिथं उभं राहिलं आणि निघून गेलं.

सकाळी जग जागच्या जागी होतं. तळ्यावर बायका हंडे भरत होत्या. एकीनं पाणी तोंडात घेतलं, चूळ भरल्यासारखं घोळवलं आणि हंडा कमरेला लावला, तेव्हा मी तिथून हललो. उघाडीपाशी गेलो. गोमाबाय आतल्या पायथ्याशी उकिडवी बसून मातीवरून तळहात फिरवत होती.

"कसं काय, बाय?"

"कोरडा हाय." एवढंच बोलली. पण तो हात लवकर उचलला नाही तिनं.

नानाशेट रिकामं पातेलं न्यायला आले होते. बांधावर चढून त्यांनी खाडीला नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होम पावला, कारकून. गुरूनं ऐकलं."

आता माझं अंग मोडून आलं होतं, डोळ्यांत झोप होती आणि या माणसानं काल माझ्या शेजारी उभं राहून हात सोलवटून घेतले होते. शहाण्यानं गप्प बसावं अशी ती वेळ होती.

"शेट," मी म्हणालो, "गुरूनं काही ऐकलं नाही. गुरूला कान नाहीत. काल तुम्ही जो चिखल टाकलात..."

"टाकला तो टाकला! पण तो टिकला कोणामुळं?"

"पेंढ्यामुळं!"

"आणि पेंढ्याला बुद्धी कोणी दिली?"

"पेंढ्याला बुद्धी? शेट, तुम्ही..."

आमचे आवाज चढले. मी पाय आपटला असावा, किंवा त्यांनी. गोमाबाय खालून एकदम उठली. हातात चिखलाचा गोळा होता.

"ए! भांडायचं तर तिकडं जाऊन भांडा. माज्या बांधाव न्हाय. भायरचा चिखल वला हाय अजून."

आम्ही दोघं निमूट खाली उतरलो आणि भाताच्या खुंटांत उभे राहून पुढं भांडलो.